हात चालू आहे

त्या गुरुवारी सकाळी सांगातीनं मला सांगितलं, की माझे यजमान दुकानात काम करताहेत.

मी कणीक मळत होते. हात परातीतच ठेवून म्हटलं, "पुन्हा सांग."

त्यानं त्याच मऊ आवाजात पुन्हा सांगितलं, "पेटी दुरुस्तीसाठी कुरुंदवाडच्या तारळेकरांकडे जा. श्रीनिवास तारळेकर, अनुभव एकतीस वर्षं. हात चालू आहे."

ह्यांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

मला धक्का बसायला हवा होता. निदान रडू तरी. मी कणकेला तेलाचं बोट लावलं, वर ताटली झाकली आणि वहीत लिहिलं: 'गुरुवार. उत्तर आपलं आलं.' मग देवापुढे निरांजन लावलं. रोज लावते तसंच. हे गेल्यापासून सगळं रोजच्यासारखंच होत होतं. हात करायचे, मी बघायची.

आधी सांगातीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

माझं लग्न झालं तेव्हा काही शोधायचं तर पडद्यावर यादी यायची. पहिलं दुकान नाही पटलं तर दुसरं, नाहीतर पुढच्या पानावरचं. मग लेख लिहिणारी यंत्रं आली आणि त्या याद्यांचा उकिरडा झाला. आयुष्यात पेटी उघडून न पाहिलेल्यांची 'पेटीचे तज्ज्ञ' म्हणून शेकडो पानं. लिहिलेल्यावर माणसांचा विश्वास उरला नाही, आणि गंमत म्हणजे यंत्रांचाही उरला नाही. त्यानंतर सांगाती आला. हरभऱ्याएवढा, कानात बसणारा. तो यादी देत नाही. विचारलं की एकच उत्तर देतो. ते ठरवताना लिहिलेल्याला रुपयात चार आणे मान, बाकीचे बारा आणे त्यानं स्वतः ऐकलेल्या-पाहिलेल्याला.

लाखो लोकांच्या कानांत तो बसलेला. कुठल्याही देवळात भजन उभं राहिलं की तिथल्या पेटीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतोच. आता पेटीत काय असतं? प्रत्येक पट्टीखाली एक पितळी पातं. आम्ही त्याला सूर म्हणतो. तो कानशीनं घासून जुळवायचा. टोकाकडे घासला की चढतो, बुंध्याकडे घासला की उतरतो. एका स्वरापासून शेजारच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे शंभर बारीक भाग केले, तर कितीही तयार माणूस एखाददुसरा भाग इकडेतिकडे जातोच. पण दर वेळी त्याच सुरांवर आणि त्याच बाजूला जातो. म्हणजे प्रत्येक पेटीत जुळवणाऱ्याची सही उमटते. आपल्याला ती ऐकू येत नाही, सांगातीला येते. पाकिटावरच्या अक्षरावरून आपण पत्र कोणाचं ते ओळखायचो ना, तसं. याला तो 'हात' म्हणतो. शेजारच्या नाझनीनचा शिलाईचा टाका तो लोकांच्या चष्म्यांतून ओळखतो, सुताराचा सांधा दारं उघडताना. ज्या हाताच्या जास्त वस्तू जगात चालू आहेत, त्याचं नाव पहिलं. पहिलं म्हणजे एकमेव, कारण दुसरं नाव तो घेतच नाही.

ह्यांच्या हाताच्या पेट्या सांगलीपासून बेळगावपर्यंतच्या देवळांत वाजत होत्या. त्यामुळे आम्हाला कधी जाहिरात करावी लागली नाही. भात्याचं चामडं, पट्ट्यांच्या स्प्रिंगा, खालचं कापड माझ्याकडे. सूर घासायलाही त्यांनी शिकवलं होतं, पण शेवटचा हात त्यांचाच.

वैशाखात एका सकाळी त्यांनी चहा घेतला, कानस उचलली आणि बाकावर डोकं टेकलं. एवढंच झालं.

तेरावा झाल्यावर मी दुकान उघडलं. समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावला, हार घातला आणि पुढच्या चार महिन्यांत पाच पेट्या एकटीनं जुळवून दिल्या. भाद्रपदात सांगाती म्हणाला, "तारळेकरांचा हात थांबलेला दिसतो. पेटीसाठी आता..." आणि दोनशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या कारखान्याचं नाव घेतलं. त्या आठवड्यापासून दुकानाची पायरी कोणी चढेना. मुलगी नाशिकहून म्हणाली, "आई, बंद कर आणि इकडे ये. सगळं सामान विकून टाकू." मी 'बघते' म्हटलं. तिथे जाऊन मी काय करणार होते? मला पेटीशिवाय दुसरं काही येत नाही.

कोल्हापूरहून एक टाय लावलेला माणूस आला. सांगातीच्या तोंडी तुमचं नाव आणून देतो म्हणाला. त्याचा कागद मी नाझनीनला दाखवला. तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आमच्या भिंतीला लागून.

"वर्षाला एवढे?" ती ओरडलीच. "वहिनी, एवढ्यात मी नवी मशीन घेऊन वर फॉल-पिकोचं दुकान टाकीन. फाडा तो कागद. माझं कुणी करून दिलंय? आपलं आपण करायचं. बसा."

तिनं दोन दुपारी खर्ची घातल्या. आधी आमचं नाव कुठेकुठे काय लिहिलंय ते काढलं. एका ठिकाणी 'तारळेकर हार्मोनियम', एका ठिकाणी 'श्री तारळेकर पेटीवाले', नकाशावर 'तारळेकर आणि बंधू', आणि फोन नंबर दहा वर्षांपूर्वीचा.

"बंधू कोण ओ ह्यात?"

"नाव सासऱ्यांच्या वेळचं, बंधू म्हणजे माझे धाकटे दीर. ते दिल्लीला आहेत."

"बघा! यंत्राला काय कळतंय? चार नावं म्हणजे त्याला चार दुकानं. सगळीकडे एकच करा. पत्ता, नंबर, वेळ, अक्षर न् अक्षर सारखं." मग माझं पान उघडून कपाळाला हात लावला. "'हार्मोनियम देखभाल व स्वरसंवादन सेवा.' असं कोण बोलतं, वहिनी? गिऱ्हाईक दारात येऊन काय म्हणतं?"

"म्हणतं, पेटी बसली. पट्टी अडकते. भाता वारा सोडतो."

"तेच लिहा. तसंच्या तसं. आणि रोज सकाळी गिऱ्हाइकाच्या आवाजात सांगातीला विचारायचं, आलेलं उत्तर वहीत लिहायचं. फुकटचं काम आहे, पण रोज करायचं. पूजेसारखं."

मी लिहायला लागले. पहिलं पान शैलाताईंनी वाचलं. शैलाताई आमच्या भागातल्या कीर्तनकार. सत्तरीला आल्या, पण गादीवर उभ्या राहिल्या की मांडवाबाहेरचा भेळवालासुद्धा गिऱ्हाईक थांबवून ऐकतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं एक कीर्तन चुकवलेलं नाही. हे गेल्यावरही नाही. फक्त पूर्वी ऐकताना घशात दाटून यायचं, आता यायचं नाही. मी मांडी घालून बसायची, टाळी द्यायची, बुक्का लावून घ्यायची आणि घरी यायची.

"हेमांगी, हे काय नगरपालिकेच्या नोटिशीसारखं लिहिलंयस?" त्या म्हणाल्या. "पूर्वरंग कुठाय?"

"ताई, दुकानाचं पान आहे. कीर्तन नाही."

"ऐकणारा तोच ना? आधी त्याच्या मनातला प्रश्न मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे त्याला वाटतं, हिला माझं दुखणं कळलं. मग त्याची उकल. मग उत्तररंगाला एक गोष्ट, पण घडलेली हं. माणूस उत्तरासाठी येतो आणि गोष्टीसाठी बसून राहतो."

तशी अकरा पानं लिहिली. पावसाळ्यात पेटी का बसते, आणि पुराच्या पाण्यात तीन दिवस राहिलेली औरवाडची पेटी आम्ही कशी वाचवली. पट्टी का अडकते, आणि एका पट्टीखाली आम्हाला देवाची अक्षत कशी सापडली. त्यांतली तीन पानं सांगाती चक्क वाचून दाखवायला लागला. लोकांचे फोन यायचे, शंका विचारायचे, आभार मानायचे. पण 'पेटी कुठे नेऊ?' म्हटलं की पुन्हा तो कारखाना. लिहिलेल्याचे चार आणे मी पुरेपूर वसूल केले होते. बाकीचे बारा आणे हाताचे. आणि माझा हात त्याच्या लेखी कोणाचाच नव्हता.

मार्गशीर्षात वाडीच्या मठातली एक पेटी साफसफाईला आली. ह्यांनी जाण्याआधी जुळवलेली. मी सहज तिचे सूर मोजले. बाकी सगळीकडे त्यांचा आणि माझा हात जवळजवळ एकच होता, शिकवलेला त्यांनीच ना. फरक एका जागी होता. वरच्या सप्तकातला गंधार. तो आठ भाग चढा होता.

मला ते नवीन नव्हतं. शेवटची काही वर्षं त्यांच्या डाव्या कानाला वरचा गंधार किंचित उतरलेला ऐकू यायचा, म्हणून ते तो चढवायचे. मला कळायचं. मी कधी बोलले नाही. ज्या माणसाच्या कानावर घर चाललं, त्याला कान गेला म्हणून कसं सांगायचं?

त्यानंतर आलेल्या पेटीचा गंधार मी आधी बरोबर लावला. मग कानस टोकाकडे नेली आणि हलकेच फिरवली. आठ भाग.

ओळखीपाळखीतून अधूनमधून येणाऱ्या पेट्यांतली सातवी तशी बाहेर गेली आणि तो गुरुवार उजाडला.

मग रांग लागली. हुपरी, शिरोळ, निपाणी. सगळे दारातूनच विचारायचे, "काका आहेत का?" पहिल्या माणसाची नजर भिंतीकडे गेली, फोटोच्या हाराकडे, आणि तो गोंधळला. "सांगाती तर म्हणाला..." मी घाईनं म्हटलं, "ते मोठे दीर." दुसऱ्या दिवशी फोटोवरचा हार काढून ठेवला. नुसता फोटो राहिला. हार काढला की फोटोतला माणूस जिवंत दिसायला लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

इचलकरंजीचे एक चौगुले म्हणून होते, भजनी मंडळाचे. पेटी न्यायला आले तेव्हा हातात पुडा.

"वाडीहून कवठाची बर्फी आणलीय काकांना. आहेत का आत?"

"बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

"सांगता यायचं नाही."

"बरं, त्यांना सांगा, चौगुले येऊन गेले. काय हात आहे हो माणसाचा! अजून तोच."

बर्फी मी फळीवर ठेवली. चार दिवसांनी तिला मुंग्या लागल्या, तेव्हा मुंग्यांसकट उचलून कुंडीत टाकली.

रामनवमीच्या आधी राममंदिरात शैलाताईंचं कीर्तन होतं. त्यांची पेटीही मी आठवड्यापूर्वी करून दिली होती. तशीच. पूर्वरंग छान झाला. मधे बुक्का, हार झाला. उत्तररंगात त्या आख्यानाच्या ऐन भरात वरच्या गंधारावर गेल्या आणि मला ती ऐकू आली. लहर. दोन स्वर जवळजवळ एक असले, पण पुरते एक नसले, की आवाज थरथरतो. पाण्यावर दोन खडे शेजारी टाकल्यासारखा. ताईंचा गळा आणि माझी पेटी. ताई क्षणभर थांबल्या. पेटीवाल्याला हातानं 'राहू दे' म्हणाल्या आणि पुढचं सगळं आख्यान नुसत्या झांजेवर केलं. लोकांना वाटलं, प्रसंगच तसा आहे. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षातून पेटी घेऊन आल्या. बाकावर ठेवली. पाणी नको म्हणाल्या.

"श्रीनिवासचा गंधार कधीपासून चढायला लागला, मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी गळा जरा वर न्यायची. माणसाशी जुळवून घेतो तसं. त्याचा कान थकला होता गं. तुझा कुठे थकलाय?"

"दुकान त्यावर चालतंय, ताई."

"चालतंय ना. दिसतंय." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "हार कुठाय?"

मी बाकावरचा कीस हातानं गोळा केला.

"लोक विचारतात तेव्हा काय सांगतेस?"

"बाहेर गेलेत."

"वर्षश्राद्ध कधी?"

"पुढच्या महिन्यात तिथी आहे. दिल्लीचे भाऊजी येणार आहेत करायला."

"मग पिंड कोणाच्या नावानं ठेवणार, बाळ?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेर गेलेल्याच्या?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता म्हणून निघाल्या. पायरीवरून वळून म्हणाल्या, "पेटीची घाई नाही. बरोबर झाली की दे."

मला अजूनही काही वाटत नव्हतं. पण पेटी समोर होती, आणि समोर पेटी असली की मी उघडते.

तंबोरा सुरू केला. वरचा गंधार वाजवला. लहर, सेकंदाला तीन. कानस बुंध्याकडे नेली. एकदा फिरवली, वाजवला. दोन. पुन्हा. एक. पुढचा फेरा सगळ्यात हलका असतो. हे तिथे श्वास रोखायचे. मीही रोखला. वाजवला. लहर नव्हती. एक सरळ स्वर, तंबोऱ्यात मिसळून कुठे गेला ते कळेना. मी सगळं सप्तक खालपासून वरपर्यंत वाजवलं. आणि पुन्हा एकदा, उगीचच.

हात धुऊन हार आणला. सुकलेला होता, म्हणून कोपऱ्यावर जाऊन ताजा आणला, झेंडूचा, आणि फोटोला घातला. नाझनीन दारातून बघत होती.

मग बारावं पान लिहिलं. ताईंनी शिकवलं तसं, आधी ऐकणाऱ्याच्या मनातला प्रश्न. 'तारळेकरांकडून पेटी आणली, पण वरचा गंधार चढा वाटतो. का?' मग उकल: 'कारण तो मी मुद्दाम चढा लावला आहे.' मार्गशीर्षापासून चौदा पेट्या अशा गेल्या, परत आणा, सूर पुन्हा लावून देईन, हे लिहिलं. मग उत्तररंगाची गोष्ट. एका माणसाचा कान थकतो आणि त्याच्या बायकोला ते कळतं, पण ती बोलत नाही. पुढे तो जातो, तरी ती बोलत नाही. शेवटी खाली सही केली. हेमांगी तारळेकर.

नाझनीननं वाचलं. "वहिनी, हे वाचून कोण येणार आता?"

"माहीत नाही गं."

"मग टाकताय कशाला?"

"तूच म्हणालीस ना, सगळीकडे नाव एकच पाहिजे."

पान टाकलं, तसा तासाभरानं सांगाती कानात बोलला. एरवी तो विचारल्याशिवाय बोलत नाही.

"या दुकानातून बाहेर गेलेल्या पेट्यांत दोन हात आढळतात. श्रीनिवास तारळेकर यांचा हात थांबल्याची नोंद करू?"

दुकानात ऊन आलं होतं. बाकावर पितळेचा कीस चमकत होता.

"कर," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला.

"नोंद केली. 'पेटी कुठे नेऊ' या प्रश्नाला सध्या या दुकानाचं नाव येणार नाही. आज जुळवलेल्या पेटीचा हात कोणाचा?"

"माझा. हेमांगी तारळेकरचा."

त्यानं माझं नाव तसंच्या तसं म्हणून नोंदवून घेतलं.

"हा हात मी आधी ऐकला आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी वैशाख ते भाद्रपद. पाच पेट्या. पाचही रोज वाजतात. त्यांना नाव नव्हतं. आता या हाताच्या पेट्या सहा."

मी बाकाचा काठ धरला. त्या पाच पेट्या मी विसरले होते. चार महिने काय केलं, कुठल्या देवळात दिल्या, काही आठवत नव्हतं. आणि त्या इतके दिवस कुठेकुठे वाजत होत्या, गंधार बरोबर लावलेल्या, कोणाच्या म्हणून कोणालाच माहीत नसलेल्या. माझ्या तोंडातून आवाज निघाला. नाझनीन धावत आली. मी तिला हातानंच 'काही नाही' म्हटलं. काही नव्हतं असं नाही, नाक पुसायला पदर लागला, एवढं खरं.

दुपारी पहिला फोन इचलकरंजीला लावला.

"चौगुले का? तारळेकरांकडून बोलतेय."

"बोला की! काका आले का?"

"नाही. ते गेले. मागच्या वैशाखात." मी पुढे म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले. पेटी घेऊन या. वरचा गंधार चुकलाय, पुन्हा लावायचाय."

पलीकडे पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

"कोण लावणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बर्फी..." ते म्हणाले आणि थांबले. मग घसा साफ केला. "रविवारी आणतो."

फोन ठेवून मी वही उघडली. सांगातीला पुन्हा विचारलं, तर उत्तर कारखान्याचं आलं, ते त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं. त्याखाली लिहिलं: आज सहा. रविवारी सात.